गुडघा आणि एसटीची पायरी

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांत दीड कोटी पुरुष आणि १ कोटी १८ लाख स्त्रिया. टक्केवारीत सांगायचं तर शंभर पुरुषांत २.४ आणि शंभर स्त्रियांत २. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या तालुक्याचा एसटी स्टँड उभा राहिला. गाडी फलाटाला लागते, पोरं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, पुरुष पटापट चढतात, आणि सगळ्यांत शेवटी दाराशी उरतात म्हाताऱ्या बायका. दोन्ही हातांनी दांडी धरायची, एक पाय पायरीवर ठेवायचा, क्षणभर श्वास घ्यायचा, आणि मग कोणीतरी मागून कंबरेला हात दिला की दुसरा पाय वर. कुठल्याही बाजाराच्या दिवशी उभं राहून मोजा, या रांगेत बायकाच जास्त दिसतील. मग जनगणनेच्या कागदावर त्या गेल्या कुठे?

त्या प्रश्नातच हरवल्या. प्रगणक दारात येऊन विचारतो, घरात कोणी अपंग आहे का? पुढे पाहण्याचं, ऐकण्याचं, बोलण्याचं, हालचालीचं असे आठ प्रकार असतात. उत्तर देतो तो बहुधा घरातला कर्ता पुरुष. त्याच्या मनात अपंग म्हणजे जन्मतः पाय नसलेला, पोलिओ झालेला, अपघातात हात गेलेला माणूस. आतल्या खोलीत भिंतीला धरून चालणारी आई त्याला अपंग वाटत नाही. तिचं वय झालंय, एवढंच. आणि तिलाही तसंच वाटतं.

माझी आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. माण तालुक्यातल्या एका गावात राहते. मागच्या उन्हाळ्यात चार दिवस तिच्याकडे होते. पहिल्याच दिवशी विचारलं, "आत्या, काही त्रास होतो का गं?" तर म्हणाली, "न्हाय गं. काय बी न्हाय. वय झालं की आता." मग मी चार दिवस नुसती बघत राहिले. खाली बसलेली उठताना ती आधी डावा तळहात जमिनीवर टेकते, मग उजव्या हाताने कोनाड्याची कड पकडते, अर्धी उठून वाकलेलीच थांबते, आणि गुडघ्यातली कळ ओसरली की सरळ होते. देवळात जाणं तिने दोन वर्षांपूर्वी सोडलं, कारण देवळाला अकरा पायऱ्या आहेत. मला कारण सांगितलं ते मात्र, "आता गर्दी सोसत न्हाय." आणि संध्याकाळी पाच वाजले की ती पाणी पीत नाही. मे महिन्यात, माणच्या उन्हात. संडास-मोरी अंगणाच्या टोकाला आहे, रात्री उठावं लागलं तर अंधारात तिथवर जायचं, तिथे उकिडवं बसायचं आणि धरायला काही नसताना पुन्हा उठायचं. त्यापेक्षा तहान परवडली.

अमेरिकेतल्या वार्धक्यशास्त्राच्या अभ्यासक लिंडा फ्राइड यांनी १९९० च्या दशकात बाल्टिमोरमधल्या वृद्ध स्त्रियांचा बारकाईने अभ्यास करताना नेमकी हीच अवस्था हेरली. माणूस "मला अडचण नाही" असं सांगतो, पण तेच काम तो वेगळ्या रीतीने, सावकाश किंवा कमी वेळा करू लागलेला असतो. अशी माणसं पुढच्या काळात खऱ्या अर्थाने परावलंबी होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणजे "काय बी न्हाय" आणि "अंथरुणाला खिळली" यांच्यामध्ये काही वर्षांची एक लांब पडवी आहे. काही करायचं असेल तर ते त्या पडवीत असतानाच करायला हवं.

प्रश्न बदलला की उत्तर कसं बदलतं ते जगाला बऱ्यापैकी ठाऊक झालं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २००१ मध्ये नेमलेल्या वॉशिंग्टन गटाने जनगणनेसाठी सहा छोटे प्रश्न तयार केले. त्यांत अपंग हा शब्दच नाही. चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का? चालायला किंवा पायऱ्या चढायला अडचण येते का? अंघोळ, कपडे घालणं जमतं का? उत्तरही हो किंवा नाही एवढंच नाही. अजिबात नाही, थोडी, खूप, जमतच नाही, अशा चार पायऱ्या. असं विचारलं की आत्यासुद्धा खरं बोलेल.

आपल्याकडे हे काम मोठ्या प्रमाणावर झालं ते लासी या पाहणीत. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने परदेशी विद्यापीठांच्या साथीने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस आणि त्यापुढच्या वयाच्या सुमारे ७२ हजार लोकांना घरी जाऊन गाठलं. विचारलं ते रोजचंच. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालता येतं का, अंथरुणातून उठता येतं का, कपडे, अंघोळ, जेवण, संडास. साठीपुढच्या लोकांपैकी जवळपास एक चतुर्थांश जणांना यांतल्या एका तरी गोष्टीत अडचण होती. कुठे ते दोन-अडीच टक्के आणि कुठे हे चोवीस! मोजलेल्या गोष्टी आणि माणसांची वयं वेगळी आहेत हे मान्य, पण म्हातारपणी माणसाला ज्याने अडतं ते याच गोष्टींनी. आणि इथे स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त निघालं, न शिकलेल्यांचं शिकलेल्यांपेक्षा जास्त, एकट्या राहिलेल्यांचं जोडीदार असलेल्यांपेक्षा जास्त. स्टँडवरची रांग कागदावर उतरली.

बायका जास्त जगतात, म्हणून त्यांच्यात अपंगत्व जास्त, असं एक सरळ उत्तर दिलं जातं. त्यात तथ्य आहे. पुरुषांना गाठणारे आजार बरेचदा झटक्यात नेणारे असतात, जसे हृदयविकार, अपघात किंवा दारूने गेलेलं यकृत. बायकांच्या वाट्याला येतात ते न मारणारे, पण न सोडणारे आजार. गुडघ्यांची झीज, ठिसूळ हाडं, कंबरेचं दुखणं, मनाची उदासी. आयुष्य मोठं, पण त्यातली शेवटची वर्षं कुणाच्या तरी हाताच्या आधाराने काढायची. तरीही एकाच वयाचे पुरुष आणि स्त्रिया समोरासमोर ठेवले तरी अंतर उरतंच. म्हणजे नुसत्या वयाने हे कोडं सुटत नाही.

बायका गुडघ्यांबद्दल बोलताना म्हणतात, "वंगण संपलं." मला हा शब्द फार नेमका वाटतो. वंगण संपतं ते वापराने. साठ वर्षं चुलीपुढे उकिडवं बसायचं, डोक्यावर हंडा, कडेवर कळशी, वाकून खुरपणी, कोकणात असाल तर गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी. त्याच काळात पोटात मूल, अंगावर मूल, आणि जेवायला सगळ्यांच्या नंतर बसायचं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्यांच्यातल्याच पुढे साठीच्या होणार. हाडांचा साठा तरुणपणी भरायचा असतो आणि पाळी गेल्यावर तो वेगाने उतरू लागतो. मुळात भरलाच नसेल तर मोरीत पाय घसरण्याचं निमित्त पुरतं.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्यायचं तर ते ऊसतोडीचं. फडात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकजण मधेच बसला की कोयत्याचा खाडा धरला जातो, आणि मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवरा ऊस तोडतो, बायको साळून मोळ्या बांधते, आणि त्या मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. पाळीचे दिवस, अंगावरून जाणं, कंबरदुखी, यांसाठी सुट्टी नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीसाठी बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर महिला ऊसतोड कामगारांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. कित्येक जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर हाडांना राखणारं संप्रेरक एका दिवसात बंद होतं, आणि अंडाशयं ठेवली तरी पाळी जाण्याची वेळ पुष्कळदा अलीकडे येते. या बायका आज पंचेचाळीस-पन्नाशीच्या आहेत. वृद्धांच्या कुठल्याच आकडेवारीत त्या अजून आलेल्या नाहीत. पण त्यांची साठी कशी असेल ते त्या फळीवर लिहून झालेलं आहे, आणि हे मला स्वस्थ बसू देत नाही.

गरिबीचा धागा इथेच गुंतलेला आहे, आणि तो गरीब विरुद्ध श्रीमंत असा दोनच टोकांचा नाही. लंडनमधल्या सरकारी नोकरांवर १९६७ पासून व्हाइटहॉल नावाचा एक प्रसिद्ध अभ्यास झाला. सगळेच कायम नोकरीतले, कोणीच उपाशी नव्हते. तरीही हुद्द्याची प्रत्येक पायरी खाली उतरली की मृत्यूचं प्रमाण वाढत गेलेलं दिसलं. उतार आहे, कडा नाही. म्हातारपणच्या अपंगत्वाचा उतारही असाच आहे. मोतीबिंदू घ्या. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांत अंधत्व सुमारे २ टक्के होतं, आणि त्यातलं साधारण दोन तृतीयांश निव्वळ मोतीबिंदूमुळे. म्हणजे एका छोट्या शस्त्रक्रियेने परत येणारी दृष्टी. निरक्षरांमध्ये अंधत्व ३ टक्क्यांच्या वर, आणि दहावी झालेल्यांमध्ये अर्ध्या टक्क्याच्याही खाली. डोळ्याच्या भिंगाला काही शाळेचा दाखला दिसत नाही. फरक पडतो तो शिबिराची खबर कळण्यात, कोणीतरी बरोबर येण्यात, आणि त्या सोबत्याची दोन दिवसांची मजुरी बुडण्यात. घरात म्हातारा आणि म्हातारी दोघांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला तर आधी कोणाला नेतात, हे खेड्यात कोणालाही विचारा.

आता एकच गुडघा दोन घरांत नेऊन बघू. झीज तीच, क्ष-किरण चित्रही तेच. पहिलं घर शहरातल्या फ्लॅटमधलं. लिफ्ट आहे, कमोड आहे, पलंग आहे, ओट्यापाशी उभ्याने स्वयंपाक आहे, खाली उतरलं की रिक्षा. या घरातल्या बाईला पाहणीवाल्याने विचारलं तर ती म्हणेल, दुखतं हो, पण सगळं जमतं. दुसरं घर आत्याचं. जमिनीवरचं अंथरूण, खाली बसून भाकरी, अंगणापलीकडचा संडास, उंबरा वीतभर उंच. ती तिथे चार कामांना अडते. दुखणं दोघींना सारखंच आहे, अपंगत्व फक्त एकीला. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये अपंगत्वाची जी नवी चौकट स्वीकारली ती हेच सांगते, की अपंगत्व एकट्या शरीरात नसतं. ते शरीर आणि भोवतालची जागा यांच्या मधल्या फटीत असतं. पैसा ही फट बुजवतो, गरिबी ती रुंदावते.

स्त्री असणं आणि गरीब असणं यांतलं नेमकं कशाने किती बिघडतं, हे वेगळं काढण्याची एक पद्धत संख्याशास्त्रात आहे. समजा, या बायकांना पुरुषांइतकं शिक्षण, तितकीच पगाराची कामं, तेवढीच मिळकत आणि तितकाच जोडीदाराचा सहवास मिळाला असता, तर अंतर किती उरलं असतं? जागतिक आरोग्य संघटनेने २००२ ते २००४ मध्ये केलेल्या पाहणीतून ५७ देशांतल्या पन्नाशीपुढच्या लोकांची माहिती घेऊन संशोधकांनी हाच हिशोब मांडला. अपंगत्व स्त्रियांत सुमारे ४० टक्के, पुरुषांत सुमारे २४. या तफावतीतला निम्म्याहून थोडा कमी भाग शिक्षण, काम, संपत्ती, वैवाहिक स्थिती यांच्या विषम वाटपातून आला होता. उरलेला भाग आला तो त्याच गोष्टींचा स्त्रियांवर आणि पुरुषांवर वेगळा परिणाम होतो यातून.

हा दुसरा भाग जरा थांबून समजून घेण्यासारखा आहे. सातवी शिकलेला पुरुष आणि सातवी शिकलेली बाई कागदावर एकाच पायरीवर असतात. पण आमच्या आतोबांना सातवीवर शिपायाची नोकरी लागली, निवृत्तीनंतर पेन्शन आली, औषधाचं बिल मिळालं. सातवी शिकलेल्या आत्याच्या वाट्याला शेत, गोठा आणि चूल आली. शाळा दोघांची एकच होती. तिला आतोबा गेल्यावर निम्मी पेन्शन मिळते आणि ती शाळेत गेली, म्हणून ती गावात नशीबवान समजली जाते, कारण तिच्या वयाच्या बहुतेक जणींनी शाळा पाहिलेली नाही. २०११ मध्ये साठीपुढच्या पुरुषांत ५९ टक्के साक्षर होते, स्त्रियांत २८.

मोजपट्टीबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. अंघोळ, कपडे, जेवण या रोजच्या क्रियांची पट्टी सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी अमेरिकेत, क्लीव्हलँडमध्ये, खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्ध रुग्णांना पाहून तयार केली आणि ती १९६३ मध्ये छापून आली. पुढे १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रोडी यांनी जरा गुंतागुंतीच्या कामांची पट्टी केली. स्वयंपाक, खरेदी, धुणं, फोन, औषधं, पैशांचा व्यवहार, प्रवास. त्यात सुरुवातीला स्त्रियांसाठी आठ कामं होती आणि पुरुषांसाठी पाच, कारण स्वयंपाक, घरकाम आणि धुणं पुरुषांकडून अपेक्षितच नव्हतं. आजही आपल्याकडे या पट्टीतला प्रश्न विचारला की पुरुष सांगतो, मी कधी चहासुद्धा केला नाही. आणि बाई सांगते, बँकेचं मला जमत नाही, अनोळखी गावात पत्ता शोधता येत नाही. पाहणीत तिची नोंद होते अडचण असलेली म्हणून. पण बँकेत तिला कधी कोणी नेलंच नाही, एकटीने गाव सोडून कधी जाऊ दिलं नाही. तरुणपणी जे नाकारलं ते म्हातारपणी अपंगत्व म्हणून मोजलं जातं. लासीमध्ये साठीपुढच्या जवळपास निम्म्या लोकांना अशा एका तरी कामात अडचण होती, आणि स्त्री-पुरुषांतलं अंतर इथे आणखी मोठं होतं. ते सगळं गुडघ्यांचं नाही, हे आकडा वाचताना ध्यानात ठेवावं लागतं.

मग आधार कोणाचा? आपल्याकडे नवरा बहुधा बायकोपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असतो आणि आधी जातो. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या जवळपास निम्म्या स्त्रिया विधवा होत्या, पुरुषांत विधुर बरेच कमी. याचा रोजच्या जगण्यातला अर्थ सरळ आहे. म्हातारा अंथरुणाला खिळला की त्याला पाणी द्यायला, कूस बदलायला बायको असते, मग तिची स्वतःची कंबर मोडलेली का असेना. ती खिळते तेव्हा तो नसतो. उरते सून, तीही कामावरून आलेली. नाहीतर मुंबई-पुण्याला गेलेल्या मुलाचा रात्रीचा फोन.

सरकारी योजना नाहीत असं नाही. श्रावणबाळ योजनेत राज्यात महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा २०० रुपये आहे. तेवढ्यात गुडघ्याच्या गोळ्यांची महिन्याची पाकिटंही येत नाहीत. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. काठी, चष्मा, कानाचं यंत्र, व्यायाम शिकवणारा माणूस, मोरीतली दांडी यांसाठी कोणी भरती होत नाही. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशा साधनांसाठी पासष्टीपुढच्या गरजूंना तीन हजार रुपये एकदा खात्यावर येतात. ही कल्पना मला योग्य वाटते, कारण ती त्या फटीकडे बघते. मात्र पैसे देऊन भागत नाही. काठी किती उंचीची घ्यायची, वॉकर शेणाने सारवलेल्या अंगणात चालतो का, हे घरी येऊन सांगणारं कोणी लागतं. आशाताईंचं आधीच बाळंतिणी आणि लसीकरण यांतून डोकं वर निघत नाही. त्यांच्यावर हेही टाकायचं तर माणसं वाढवावी लागतील आणि मानधनही. २०५० पर्यंत दर पाच भारतीयांत एक जण साठीपुढचा असेल, असा संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि त्याच देवनारच्या संस्थेचा अंदाज आहे.

आणि एसटी. पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत झाला ऑगस्ट २०२२ मध्ये, बायकांना अर्धं तिकीट झालं मार्च २०२३ मध्ये. दोन्ही निर्णय चांगले. ज्या बायका वर्षानुवर्षं माहेरी गेल्या नव्हत्या त्या जाऊ लागल्या, हे मी स्वतः पाहिलं आहे. पुढच्या वर्षी आत्याला तिकीटच लागणार नाही. पण गाडीची पहिली पायरी रस्त्यापासून तेवढीच उंच आहे, आणि गाव-थांब्याला फलाट नसतो, खडीचा उतार असतो. तिथे जमिनीपासून पायरीपर्यंतचं अंतर मी टेपने मोजलं. आत्याच्या गुडघ्याच्या वाटीच्याही वर येतं.

शेवटच्या दिवशी तिच्या नातवाला घेऊन तालुक्याच्या गावी गेले. विहिरीच्या पंपाला वापरतात तसल्या लोखंडी पाइपचा चार फुटांचा तुकडा, दोन पट्ट्या, चार बोल्ट. त्याने संडासाच्या भिंतीला ड्रिल मारून ती दांडी तिरकी बसवली, खालचं टोक बसल्यावर हाताशी येईल आणि वरचं उभं राहिल्यावर, अशी. अंगणात एक दिवा लावला, त्याचं बटण उशाशी घेतलं. आत्याने आधी दांडी हलवून पाहिली, मग आत जाऊन दार लावून घेतलं, आणि बाहेर आली तेव्हा काहीच बोलली नाही. संध्याकाळी मी निघाले तेव्हा सहा वाजून गेले होते. नातवाला हाक मारून तिने माठातलं पाणी मागितलं, आणि तांब्या उंच धरून घटाघटा प्यायली.